एकशे बेचाळीस नंबरचा बिल्ला

नाना, तुमच्यावर चिडायचं तर कुणासमोर, हा प्रश्न मला गेले तीन आठवडे पडला आहे. शिरवण्याच्या घरी माणसं येतात, फोटोला हात जोडतात, तुमच्याबद्दल चांगलंच बोलतात. माई, तुमच्या पत्नी, खुर्चीत बसून मान हलवतात. अशा वेळी मध्येच उठून, या माणसाने मला सहा वर्षं वैताग दिला, असं मी म्हणू शकत नाही. म्हणून इथे लिहिते आहे. तुम्ही वाचणार नाही हे ठाऊक आहे. तसं तर मी तोंडावर सांगितलेलंही तुम्ही कुठे ऐकलंत.

सुरुवात तुमच्या बिस्किटाच्या डब्यापासून झाली. मी तुमच्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहत होते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तुम्ही डबा घेऊन जिना चढून आलात आणि दारातच म्हणालात, "तू केमिस्ट्रीची ना? बघ ह्यांना कय झालंय." डब्यात नाणी होती, प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातलेली, आणि निम्म्या नाण्यांवर हिरवा चिकट थर आला होता. मी सांगितलं की दोष पाकिटाचा आहे, त्या प्लॅस्टिकमधून जे सुटतं ते तांब्याला खातं, कागदी पाकिटं आणा. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या शिक्षणाचा काही उपयोग आहे असं वाटलं. करमाळ्याच्या आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी काय शिकते हे विचारणारंही कुणी नव्हतं, कारण विचारून कळणार नव्हतं. पुस्तकातलं काहीतरी विचारायला जिना चढून माझ्याकडे आलेले पहिले तुम्हीच.

त्याच डब्यात एक शिवराई होती, देवघरातल्या तांब्यासारखी लखलखीत. तुम्ही ती चिंच आणि मीठ लावून घासली होती. घासलेल्या नाण्याची किंमत निम्म्यावर येते, संग्राहक ते हातातही घेत नाहीत, असं मी वाचून येऊन सांगितलं. "धुतलं म्हनून किंमत कमी? कसली मानसं ही," तुम्ही म्हणालात. पण पुन्हा कधी घासलं नाहीत. एवढी एकच गोष्ट तुम्ही माझं ऐकून केलीत, हे आज नोंदवून ठेवते.

पुढे मी पास झाले, औद्योगिक पट्ट्यातल्या एका प्रयोगशाळेत लागले, लग्न होऊन करंजाड्याला राहायला गेले, तरी रविवारी शिरवण्याला येणं सुटलं नाही. दरम्यान तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं की नाणी आता ऑनलाइन लिलावात मिळतात. मग खातं मी उघडलं, पासवर्ड मी ठेवला, बोली मी लावायची आणि मी सांगितलेलं काहीही तुम्ही ऐकायचं नाही, अशी आपली व्यवस्था बसली.

माझे नियम साधे होते आणि मी ते मोठ्या अक्षरांत लिहून तुमच्या कपाटाच्या दाराला चिकटवले होते. असंच नाणं आधीच्या लिलावांत कितीला गेलं ते पाहायचं. त्यावर कमिशन आणि जीएसटी किती लागेल ते धरायचं. मग आपण जास्तीत जास्त किती देऊ हे शांत डोक्याने ठरवायचं. ती रक्कम वेबसाइटवर एकदाच टाकायची. ती कुणाला दिसत नाही. समोरचा चढला की यंत्रणा आपल्या वतीने एकेक पायरी चढते आणि आपल्या रकमेला येऊन थांबते. आणि हे सगळं शेवटच्या दिवशी करायचं, कारण पहिल्याच दिवशी बोली लागलेली दिसली की ज्याचं लक्ष नव्हतं त्याचंही लक्ष जातं. पुढे गेलं तर सोडून द्यायचं. नाणी काय, पुन्हा येतात.

तुमचा नियम एकच होता. यादी आली की पहिल्या दिवशी, सुरुवातीच्या किमतीला, सगळ्यांत आधी आपली बोली लावायची.

"का पण?" मी विचारायचे.

"नाव लागलं पायजे."

हे नाव लागणं काय प्रकरण आहे ते कळायला मला वर्ष गेलं. तुमच्या गावच्या देवळामागे चिंचेची झाडं होती आणि दर वर्षी त्या चिंचेचा लिलाव व्हायचा. ज्या घरातल्या माणसाने झाड लावलं, त्या घरातलं कुणी उभं राहून पहिली बोली बोललं की बाकीचे गप्प बसायचे. वर जायचं नाही अशी रीत. कायदा नव्हता, पावती नव्हती. ज्याचा हक्क त्याने आधी बोलायचं आणि इतरांनी ते ओळखायचं. हे तुम्ही अशा अभिमानाने सांगितलंत की मला हसू आलं, आणि मी हसले म्हणून तुम्ही दोन रविवार माझ्याशी बोलला नाहीत.

नाना, तिथे नाव दिसत नाही, मी किती वेळा सांगितलं. दिसतो तो नंबर. तुम्ही दोनशे सहा. समोर कोण, कुठला, म्हातारा की तरुण, काही कळत नाही. यावर तुमचं उत्तर असं, की मग त्यांना फोन करून सांग ना, शिरवन्याचा मानूस हाय म्हनून.

तीनशे सतरा हा तुमचा खास शत्रू. कोण होता देव जाणे, पण तुम्ही ज्यावर बोली लावाल त्यावर तो हमखास यायचा. कंपनी सरकारचा तराजूवाला तांब्याचा पैसा आला तेव्हाचं आठवतं? तुम्ही पहिल्याच दिवशी बोली लावलीत. तीनशे सतराने चौथ्या दिवशी वर बोली लावली. तुम्ही मला कामावर फोन केलात, मी हातमोजे काढून फोन घेतला, तर म्हणे "तो वर आलाय, तू वर जा." मी वर गेले. तो वर गेला. असं करत तो पैसा खऱ्या किमतीच्या तिप्पट रकमेला तुम्हाला मिळाला. घरी आल्यावर तुम्ही तासभर खूश होतात आणि मग एकदम म्हणालात, "त्याला पन पायजे असेल गं." जिंकून झाल्यावर शत्रूची कणव येणारा माणूस लिलावात उतरतोच कशाला, हे मी तेव्हा मोठ्याने विचारलं होतं. माईंनी आतून सांगितलं होतं की हळू बोल, शेजारी समजतील भाडं मागायला आलेत.

आता बिल्ल्याबद्दल.

गेल्या यादीत नाण्यांच्या शेवटी टोकनं आणि बिल्ले होते. चारशे अठ्ठ्याऐंशी नंबरला मिठागराचा पितळी बिल्ला, गोल, वर भोक, मध्ये ठोकलेला आकडा एकशे बेचाळीस. सुरुवातीची किंमत दोन हजार. मी फोन तुमच्यासमोर धरला आणि तुम्ही वाकून तो आकडा पाहिलात. मग म्हणालात, "आयचा हाय."

तुमची आई मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहायची, हे मला माहीत होतं. बिल्ल्याचं त्या दिवशी कळलं. सकाळी फळीवरून आपल्या नंबरचा बिल्ला घ्यायचा, दिवसभर जवळ ठेवायचा, संध्याकाळी मुकादमाकडे जमा करायचा, तेव्हा दिवस भरला असं धरायचे. हरवला तर दिवस गेला. मुकादम तिला नावाने कधी हाक मारत नसे, एकशे बेचाळीस म्हणूनच हाक मारायचा, म्हणून तो आकडा तुमच्या कानात राहिला. आणि तुम्ही सहा-सात वर्षांचे असताना तो बिल्ला दगडावर ठेवून ठोकला होता, कड चेपली, आईने तुम्हाला बदडलं आणि मग मुकादमासमोर ती स्वतः बोलणी खाऊन आली. तुम्ही फोटो मोठा करून मला दाखवलंत. कड चेपलेली होती.

मी काय म्हणाले ते मला आज पाठ आहे. नाना, खाडीकाठी किती मिठागरं होती, प्रत्येकाचा एकशे बेचाळीस असणार. ज्या बिल्ल्याला साठ वर्षं झाली त्याची कड चेपलेली असणारच. आणि समजा तुमच्या आईचाच असला, तर मग नीट लावू या बोली. सात हजारांपर्यंत जाऊ, शेवटच्या दिवशी टाकू, तोवर कुणाला कळू द्यायचं नाही.

तुम्ही माझ्या हातातून फोन घेतलात आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बोटाने बोली लावलीत. दोन हजार. पहिला दिवस, पहिली बोली.

मी चिडून चहा न घेता निघाले. खरं सांगते, करंजाड्याला पोहोचेपर्यंत मी मनात तुमच्याशी भांडत होते.

त्यानंतर पाचव्या दिवशी तुम्हाला दवाखान्यात नेलं. मी भेटायला आले तेव्हा तुम्हाला बोलताना दम लागत होता, तरी बोललात ते हेच. "बोलीला हात लावू नको. हाय तशी राहू दे." मी म्हणाले, "बघू. आधी बरे व्हा." त्या 'बघू'त किती वैताग होता ते तुम्हाला कळलं असणार, तुम्हाला माझा आवाज ओळखता येत होता. ते माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी महेशदादाचा, तुमच्या मुलाचा, फोन आला.

मला जे बोलायचं होतं ते वेगळंच होतं, नाना. दहा वर्षं ते बोलायचं राहून गेलं, कारण मध्ये नेहमी एखादं नाणं असायचं.

दुसऱ्या वर्षाला असताना बाबांनी माझं लग्न ठरवलं होतं. बार्शीचं स्थळ होतं. शिक्षण मध्ये सोडून ये, असा निरोप आला. मी सामान भरायला घेतलं, आणि कारण विचारल्यावर तुम्हाला सांगितलं. तुम्ही ऐकून खाली गेलात. दोन दिवसांनी एसटीने करमाळ्याला गेलात, पत्ता विचारत आमच्या सायकलच्या दुकानात पोहोचलात आणि बाबांना म्हणालात की पोरीचा खोलीचा तीन वर्षांचा करार झालाय, पेपर झालेत, मध्येच सोडली तर तिन्ही वर्षांचं भाडं एकदम भरावं लागेल, माझा नाइलाज आहे. असा कुठलाही करार नव्हता. तुम्ही माझ्याकडून साधी पावतीही कधी घेतली नव्हतीत. बाबा घाबरले. बार्शीकरांना वर्षभर थांबायला सांगितलं, ते थांबले नाहीत, आणि मी पदवीधर झाले. बाबांना तो करार अजून खरा वाटतो. शिरवण्याचा मालक भारी कडक होता, असं ते परवासुद्धा म्हणाले.

म्हणजे तुम्हाला हातातले पत्ते लपवता येत होते. चेहरा दगडासारखा ठेवून एवढी मोठी थाप मारता येत होती. मग लिलावातच तेवढं काय व्हायचं तुम्हाला? याचा मला जो राग येतो त्यात बाकीचं सगळं मिसळलेलं आहे, आणि ते मला वेगळं करता येत नाही.

पदवीचं प्रमाणपत्र घेऊन मी पहिली तुमच्याकडे आले होते. तुम्ही हात धुऊन आलात, पंच्याला पुसलेत आणि तो कागद दोन्ही बाजूंनी फक्त कडेला धरलात, नाणं धरतात तसा. "लॅमिनेशन करू नको," म्हणालात. "प्लॅस्टिक खातं." मी केलं नाही. अजून कागदी पाकिटात आहे.

लिलाव तुमच्या नवव्या दिवशी होता. दुपारी तीनपासून एकेक नग बंद होत जाणार होता. मी महेशदादाला विचारलं, नानांची बोली आहे, काय करू? तो म्हणाला, बाबांनी लावलीय ना, मग राहू दे, मिळाली तर घेऊ. बाहेरच्या खोलीत माणसं बसली होती. मी स्वयंपाकघरात ओट्याजवळ स्टुलावर फोन घेऊन बसले. चहा गाळायला आलेली एक बाई माझ्याकडे पाहून गेली. सुतकाच्या घरात ही फोनमध्ये तोंड घालून बसली आहे, असं तिच्या तोंडावर लिहिलं होतं.

तेव्हा अजून नव्वदेक नग बाकी होते. वेळ जात नव्हता म्हणून मी आपण दोघंही होतो तो संग्राहकांचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला, जो मी सुप्रभातच्या फोटोंना कंटाळून कधीचा बंद आवाजावर टाकला होता. त्यात तुमचा आवाज होता. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीचा. मी फोन कानाला लावला.

"नमस्कार मंडली. मी शिरवन्याचा नाना बोलतोय. चारशे अठ्ठ्याऐंशी नंबरचा बिल्ला हाय ना, तो माझ्या आयचा हाय. ती मिठागरावर होती. मी पहिल्या दिवशी बोली लावलीय. बाकी सगलं तुमी घ्या. ह्यो मना द्या."

नाना, मी रडायला हवं होतं. मला घाम फुटला. चारशेच्या वर माणसांच्या ग्रुपवर, लिलावाच्या आधी, आपल्याला कोणती वस्तू किती हवी आहे हे कोण सांगतं? यापेक्षा वाईट चाल असूच शकत नाही. त्यातल्या चार जणांनी नुसती गंमत म्हणून बोली चढवली असती तरी दोन हजारांची धूळ झाली असती. खाली कुणाचं उत्तर नव्हतं. नुसते अंगठे, पंधरा-वीस. अंगठ्यावरून काय समजायचं?

मग मी तुमचं ऐकलं नाही. हात लावू नको म्हणाला होतात, मी लावला. तुमच्या खात्यात जाऊन कमाल रक्कम वाढवली. आधी मी सात हजार म्हणाले होते, आता अठरा हजार टाकले. वस्तूची किंमत ठरवा, शांत डोक्याने ठरवा, पुढे जाऊ नका, हे ज्या कपाटावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं ते तिथून दिसत होतं. ज्या नियमावरून तुम्हाला सहा वर्षं बोलले तो मी अर्ध्या मिनिटात मोडला.

चारशे ऐंशी. चारशे त्र्याऐंशी. चारशे सत्याऐंशी हा कुठल्यातरी गिरणीचा बिल्ला होता, त्यावर तीनशे सतरा चढत होता. म्हणजे तो बसलेला होता, जागा होता, बिल्लेच घेत होता. शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की वेळ पुन्हा दोन मिनिटांनी वाढते. त्याने ती तीन वेळा वाढवली आणि तो बिल्ला नेला.

मग आपला आला. दोनशे सहा, दोन हजार. मी आकड्याकडे पाहत होते. दोन मिनिटं. एक. तीनशे सतरा आता येईल, मग माझे अठरा हजार एकेक पायरी चढत जातील, या तयारीने मी ओटा धरून बसले होते. तो आला नाही. दुसरंही कुणी आलं नाही. दोन हजाराला बंद झाला. तुमच्या पहिल्या दिवसाच्या, पहिल्या बोलीला. माझे अठरा हजार आत नुसते पडून राहिले.

आता मला सांगा, मी काय समजू? तुमचं ऐकून सगळे गप्प बसले, असं तुम्ही म्हणाल. मी म्हणेन, चेपलेला, झिजलेला बिल्ला होता, कुणाला नकोच असेल. तुम्ही म्हणाल, मग त्याच्या आधीच्या झिजलेल्या बिल्ल्यावर तो तीनदा कसा चढला. मी म्हणेन, त्याचे पैसे तिथे संपले असतील. तुम्ही म्हणाल, "तू शिकलेली बाय, तुला कय सांगू." हे भांडण माझ्या डोक्यात दोन्ही बाजूंनी मलाच चालवावं लागतं आहे, आणि खरं सांगायचं तर हल्ली तुमची बाजू मला जास्त चांगली मांडता येते. याचाच जास्त वैताग येतो. हरले असेन तर तसं तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.

बिल्ला परवा कुरियरने आला. मी कागदी पाकीट बरोबर घेऊन गेले होते. माईंच्या हातात दिला आणि पाकिटात कसा घालायचा ते सांगायला लागले. त्या ऐकतही नव्हत्या. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. चेपलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग स्वयंपाकघरात गेल्या. मला भांड्याचा आवाज आला, मी मागोमाग गेले, तर बेसिनपाशी उभ्या राहून चिंचेचा गोळा आणि मीठ घेऊन त्या बिल्ला घासत होत्या.

नाना, माझ्या तोंडात शब्द आले होते. सगळे, पहिल्या शिवराईपासूनचे. किंमत जाईल, कुणी घेणार नाही, परत विकता येणार नाही. मी गप्प उभी राहिले. काळं पाणी वाहून गेलं आणि आकडा वर आला. एक, चार, दोन. पितळ पिवळंधमक निघालं.

माईंनी पदराला पुसून तो माझ्यापुढे केला. तुम्ही शिकवलं होतं तसा मी दोन बोटांनी कडेला धरला.

"असा कय धरतेस," माई म्हणाल्या. "मिठागरावरची बाई असा धरायची काय? मूठ मिट."

मी मूठ मिटली. पितळ अजून ओलं होतं, आणि चेपलेली कड तळव्याला लागत होती.

"आता जमा करायचा नाय," माई म्हणाल्या, आणि चिंचेचा चोथा उचलून टाकायला गेल्या.